कॉम्प्युटरमध्ये कोणता मदरबोर्ड आहे, हे नेमकं कसं शोधायचं?

रॅम वाढवायची असो, नवा प्रोसेसर बसवायचा असो, बायोस (यंत्र सुरू करणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट करायचा असो किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर आवाजाचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर शोधायचे असोत, आधी एकच प्रश्न येतो: बोर्ड कोणता आहे? आणि या प्रश्नाला बहुतेक वेळा अर्धवट उत्तर मिळतं. ‘आसुसचा आहे.’ ‘बी४५० आहे.’ ‘इंटेलचा आहे.’ यातल्या एकाही उत्तरावर खरेदी करता येत नाही की डाउनलोड. आसुसचे बोर्ड ढीगभर आहेत. बी४५० हे बोर्डाचं नाव नाही, चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपचं, आहे, आणि तो चिपसेट घेऊन कितीतरी कंपन्यांनी आपापले बोर्ड काढले. ‘इंटेलचा’ म्हणणाऱ्याने बहुधा कॅबिनेटवरचं प्रोसेसरचं स्टिकर वाचलेलं असतं. डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं इंटेलने २०१३ सालीच जाहीर केलं होतं.

बोर्डाचं पूर्ण नाव चार तुकड्यांचं असतं: कंपनी, मॉडेल, मॉडेलच्या मागे लागलेली अक्षरं आणि रिव्हिजन, म्हणजे त्याच मॉडेलची कितवी सुधारित आवृत्ती तो आकडा. पहिले दोन तुकडे सगळेच टिपतात. काम अडतं ते उरलेल्या दोघांपाशी. आसुसचा ‘प्राइम झेड६९०-पी’ आणि ‘प्राइम झेड६९०-पी डी४’ हे दोन बोर्ड घ्या. पहिल्याला डीडीआर५ रॅम लागते, दुसऱ्याला डीडीआर४. दोन्ही रॅमना पिना २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. शेवटचा ‘डी४’ वाचायचा राहिला की आणलेली रॅम परत करायची वेळ येते.

माहिती येते कुठून?

पद्धतींकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे कशावर किती विसंबायचं ते ठरवता येईल. बोर्डावरच्या बायोसमध्ये, म्हणजे आजकालच्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये, यंत्राची ओळख सांगणारा एक तक्ता असतो. त्याला एसएमबायोस म्हणतात. त्यात संपूर्ण यंत्राची नोंद वेगळी असते आणि बेसबोर्डची, म्हणजे मदरबोर्डची, वेगळी. ही नोंद कारखान्यात भरली जाते.

विंडोजचं सिस्टिम इन्फर्मेशन, पॉवरशेल, लिनक्सच्या कमांड, सीपीयू-झेडसारखे प्रोग्रॅम, हे सगळे बोर्डाचं नाव या एकाच तक्त्यातून वाचतात. म्हणून तीन प्रोग्रॅमनी एकच नाव दाखवलं तर तीन साक्षीदार मिळाले असं समजू नका. साक्षीदार एकच आहे, त्याला तीनदा विचारलंय इतकंच. तक्ता रिकामा किंवा चुकीचा असेल तर तिन्ही ठिकाणी सारखीच चूक दिसेल. दुसरा, स्वतंत्र साक्षीदार म्हणजे बोर्डावर छापलेली अक्षरं. निव्वळ कुतूहल असेल तर पहिला पुरे. पैसे खर्च करायचे असतील किंवा बायोसला हात लावायचा असेल तर दोघांची साक्ष जुळवून घ्याच.

विंडोजमध्ये: सिस्टिम इन्फर्मेशन

सुरुवात इथूनच करा. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

१. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी खिडकी उघडेल.
२. त्यात एमएसइन्फो३२ टाइप करा, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबा.
३. डावीकडे ‘सिस्टिम समरी’ निवडलेलं असेलच. उजवीकडच्या यादीत ‘बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर’, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ आणि ‘बेसबोर्ड व्हर्जन’ या तीन ओळी शोधा.

याच यादीत थोडं वर ‘सिस्टिम मॅन्युफॅक्चरर’ आणि ‘सिस्टिम मॉडेल’ अशा ओळी असतात आणि डोळे आधी तिथेच जातात. त्या संपूर्ण यंत्राच्या आहेत, बोर्डाच्या नाहीत. सुटे भाग जुळवून बनवलेल्या पीसीत तिथे अनेकदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ किंवा ‘सिस्टिम प्रॉडक्ट नेम’ असलं काहीतरी दिसतं. अर्थ इतकाच की ती जागा कोणी भरलेली नाही. यंत्रात काही बिघाड नसतो. तशाच पुढे जाऊन ‘बेसबोर्ड’च्या ओळी वाचा, त्या बहुतेक वेळा नीट भरलेल्या असतात.

त्याच पानावर ‘बायोस व्हर्जन/डेट’ अशी ओळ आहे. तीही आताच टिपून ठेवा. प्रोसेसर बदलायचा असेल तर बोर्डाच्या नावाइतकीच तिची गरज लागते.

विंडोज जुनं असेल तर बेसबोर्डच्या ओळींत ‘नॉट अव्हेलेबल’ दिसू शकतं. तेव्हा पुढची पद्धत वापरा. डीएक्सडायग हा आणखी एक प्रोग्रॅम बरेचजण सुचवतात. ग्राफिक्स आणि आवाजाच्या तक्रारींसाठी तो चांगला आहे, पण बोर्डासाठी नको. तो ‘सिस्टिम मॉडेल’च दाखवतो, त्यामुळे ब्रँडेड यंत्रात बोर्डाऐवजी यंत्राचं नाव हाती लागतं.

पॉवरशेलची एक ओळ

वर्षानुवर्षं सगळीकडे डब्ल्यूएमआयसी नावाची कमांड सांगितली गेली. मायक्रोसॉफ्टने ती मोडीत काढायला घेतली आहे आणि विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत ती सुरुवातीपासून हजर नसते. ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश आला तर तुमचं टायपिंग चुकलंय असं नाही. तिच्याऐवजी पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलीच कमांड टाइप करायची खिडकी, वापरा.

स्टार्टमध्ये पॉवरशेल शोधून उघडा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची गरज नाही. कमांड अशी आहे: गेट-सीआयएमइन्स्टन्स विन३२_बेसबोर्ड. फोनवर सांगावी तशी फोडून सांगतो. ‘गेट’, मग आडवी रेघ, मग ‘सीआयएम’ आणि ‘इन्स्टन्स’ एकमेकांना जोडून. नंतर एकदाच जागा सोडायची. मग ‘विन’, त्याला चिकटून ३२, मग खालची रेघ, मग ‘बेसबोर्ड’. सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत. लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही.

उत्तरात ‘मॅन्युफॅक्चरर’ आणि ‘प्रॉडक्ट’ या दोन ओळी आपल्या कामाच्या. ‘मॉडेल’ची जागा बहुतेकदा रिकामी असते, खरं मॉडेल ‘प्रॉडक्ट’मध्ये असतं. सोबत ‘सीरियल नंबर’ही येतो. मदत मागण्यासाठी हा स्क्रीनशॉट कुणाला पाठवणार असाल तर तेवढी ओळ झाकून पाठवा. बोर्ड ओळखायला अनुक्रमांक लागत नाही, आणि वॉरंटीचा दावा त्याच आकड्यावर चालतो.

सीपीयू-झेड आणि तत्सम प्रोग्रॅम

सीपीयू-झेड फुकट आहे आणि हलका आहे. इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्तीही मिळते. त्यातल्या ‘मेनबोर्ड’ टॅबवर कंपनी, मॉडेल, रिव्हिजन, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती एका नजरेत दिसते. मॉडेल आणि चिपसेट वेगवेगळ्या ओळींत दिसत असल्यामुळे सुरुवातीला सांगितलेला गोंधळ इथे होत नाही. एचडब्ल्यूइन्फो यापेक्षा बरंच खोलात जातो. बोर्ड ओळखायला तेवढ्या तपशिलाची गरज नसते.

‘तुमच्या बोर्डाचे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमपासून मात्र लांब राहा. बोर्डाचं नाव कळलं की कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर मिळतातच, मग मध्ये तिसरा कशाला?

दिसलेलं नाव वाचायचं कसं

प्रत्येक कंपनीची तक्ता भरण्याची रीत वेगळी आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे बरोबर उत्तर समोर असूनही लोक गोंधळतात.

गिगाबाइटच्या बोर्डांत मॉडेल नीट दिसतं, पण व्हर्जनच्या जागी बरेचदा नुसतं ‘एक्स.एक्स’ येतं. अडचण अशी की गिगाबाइटच्याच बाबतीत रिव्हिजनला फार महत्त्व आहे. एकाच मॉडेलच्या १.० आणि २.० रिव्हिजनची पानं कंपनीच्या साइटवर वेगळी असू शकतात आणि बायोसच्या फाइलीही वेगळ्या. म्हणजे गिगाबाइटचा बोर्ड असेल तर कॅबिनेट उघडणं जवळपास अटळ आहे.

आसुसच्या बोर्डांत व्हर्जन म्हणून ‘रेव्ह एक्स.०एक्स’ किंवा ‘रेव्ह १.एक्सएक्स’ दिसतं. तोही खरा आकडा नव्हे, भरायची राहिलेली जागा आहे. आसुसच्या बोर्डांची डाउनलोड बहुतेकदा मॉडेलच्या नावावरच मिळतात, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. फक्त मागची अक्षरं अचूक टिपा.

एमएसआय नावापुढे कंसात स्वतःचा अंतर्गत कोड देते, उदाहरणार्थ ‘बी४५० टॉमाहॉक मॅक्स’ आणि कंसात ‘एमएस-७सी०२’. अनेकजण तेवढा कोडच शोधायला जातात. पण साधा ‘बी४५० टॉमाहॉक’ आणि ‘बी४५० टॉमाहॉक मॅक्स’ या दोघांचाही कोड एमएस-७सी०२च आहे. बोर्ड मात्र वेगळे. मॅक्सवर बायोसची चिप दुप्पट क्षमतेची आहे आणि बायोसची फाइलही स्वतंत्र आहे. म्हणून एमएसआयच्या बाबतीत कोड हा आधाराला धरा, ठरवा नावावरून.

ब्रँडेड डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं गणितच निराळं. डेलच्या यंत्रात ‘प्रॉडक्ट’ म्हणून शून्याने सुरू होणारा सहा अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो डेलचा पार्ट नंबर असतो. एचपीमध्ये चारच अक्षर-आकड्यांचा कोड दिसतो. लिनोव्होमध्ये व्हर्जनच्या जागी ‘एसडीके०’ने सुरू होणारी लांबलचक ओळ येते. हे कोड चुकीचे नाहीत, पण ड्रायव्हर किंवा बायोससाठी त्यांच्या मागे लागू नका. अशा यंत्रांची सगळी डाउनलोड यंत्राच्या मॉडेलवर किंवा मागच्या स्टिकरवरच्या क्रमांकावर मिळतात. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-आकड्यांचा असतो. बोर्डाचा कोड लागतो तो बोर्डच बदलायचा असेल तेव्हा.

आणि ‘प्रॉडक्ट’मध्ये ‘४४०बीएक्स डेस्कटॉप रेफरन्स प्लॅटफॉर्म’ दिसलं तर? मग तुम्ही व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये, बसलेले आहात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये थेट ‘व्हर्च्युअलबॉक्स’ असंच नाव येतं. खरा बोर्ड बघायचा तर बाहेरच्या, मूळ सिस्टिमवर जाऊन बघावा लागेल.

विंडोज सुरूच होत नसेल तर: बायोसचा पडदा

डिस्क बिघडली असली तरी बोर्ड स्वतःची ओळख सांगू शकतो. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ२ वारंवार दाबा. डेस्कटॉप बोर्डांवर या दोहोंपैकी एक बहुधा चालतो, एचपीच्या यंत्रांत एफ१० बघा. आजच्या यूईएफआय पडद्यांवर पहिल्याच पानावर मॉडेल आणि बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. जुन्या निळ्या पडद्यांवर ‘मेन’ किंवा ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ पान उघडा.

विंडोज चालू असताना बायोसमध्ये जायचं असेल आणि बटण वेळेत दाबलं जात नसेल, तर शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ असं जा. नुसतं नाव वाचायला आलाय, तेव्हा बाहेर पडताना बदल न साठवता बाहेर पडा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘सुडो डीएमआयडीकोड -टी बेसबोर्ड’ ही कमांड सगळा तपशील देते. ‘बेसबोर्ड’च्या जागी नुसते २ लिहिले तरी चालतं, कारण एसएमबायोसमध्ये बेसबोर्डच्या नोंदीचा प्रकार क्रमांक २ आहे. सुडोचे अधिकार नसतील तर सिस, क्लास, डीएमआय, आयडी अशा एकात एक असलेल्या फोल्डरांत ‘बोर्ड_व्हेंडर’, ‘बोर्ड_नेम’ आणि ‘बोर्ड_व्हर्जन’ या फाइली आहेत. त्या कोणीही वाचू शकतो, अनुक्रमांकाची फाइल तेवढी मुख्य वापरकर्त्यालाच उघडते. विंडोज बिघडलेल्या यंत्राला लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून हीच कमांड चालवता येते.

मॅकवर हा प्रश्न क्वचितच येतो. ‘अबाउट धिस मॅक’मधलं मॉडेल आणि साल पुरेसं असतं. दुरुस्तीसाठी लॉजिक बोर्डाचा क्रमांक हवा असेल तर तो बोर्डावरच छापलेला असतो आणि ८२०ने सुरू होतो.

कॅबिनेट उघडून बघणं

यंत्र सुरूच होत नसेल तर हा एकच मार्ग उरतो. सुरू होत असलं तरी शंभर टक्के खात्री इथेच मिळते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त क्रम पाळा.

आधी कॉम्प्युटर नीट बंद करा. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच बंद करा आणि वीजेची वायर काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. बहुतेक कॅबिनेटांत समोरून पाहिलं तर डावी बाजू उघडते. मागचे दोन स्क्रू काढून झाकण मागे सरकवायचं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला बोट टेकवा. अंगावरच्या स्थिर विजेचा धोका त्याने बराच कमी होतो.

आता टॉर्च हवा. उजेड वरून सरळ न टाकता बाजूने तिरका टाका. काळ्या बोर्डावर छापलेली अक्षरं करड्या किंवा पांढऱ्या रंगाची असतात आणि सरळ उजेडात बोर्डाची चकाकी त्यांना गिळते. तिरक्या उजेडात ती उठून दिसतात. नाव शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात आधी प्रोसेसरचा पंखा आणि ग्राफिक्स कार्डाचा वरचा लांब स्लॉट यांच्यामधली पट्टी बघा. तिथे नसेल तर खालच्या लांब स्लॉटांच्या मधली मोकळी जागा. मग रॅमच्या स्लॉटांलगतची कड. गिगाबाइटचं रिव्हिजन बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘रेव्ह’ आणि पुढे आकडा असं छापलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाने नाव झाकलं असेल तर फोन आत सरकवून दोन-चार कोनांतून फोटो काढा आणि पडद्यावर मोठे करून वाचा. कार्ड काढायची वेळ सहसा येत नाही. प्रोसेसरचा पंखा तर या कामासाठी अजिबात काढू नका. तो काढला की थर्मल पेस्ट पुन्हा लावावी लागते.

बोर्डावर छापील मजकूर भरपूर असतो आणि सगळाच नावाचा नसतो. सगळ्यात जास्त फसवणारा म्हणजे ‘९४व्ही-०’. ते जगातल्या असंख्य बोर्डांवर दिसतं, टीव्हीच्या आणि चार्जरच्याही. बोर्डाचं साहित्य किती सहज पेट घेतं याच्या चाचणीचा तो दर्जा आहे. त्याच्या शेजारी ‘ई’ने सुरू होणारा मोठा आकडा असतो, तो सर्किट बोर्ड बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्राचा. एमएसआयच्या बोर्डांवरचा ‘एन१९९६’ हाही मॉडेल नव्हे. लॅनच्या पोर्टाजवळच्या स्टिकरवर बारा अक्षर-आकडे असतील तर तो नेटवर्कचा मॅक ॲड्रेस. खेकड्याचं चिन्ह असलेली चौकोनी चिप रिअलटेकची आहे, आवाजाची किंवा नेटवर्कची. बोर्ड रिअलटेकचा नाही. बॅटरीवरचा ‘सीआर२०३२’ हा बॅटरीचा प्रकार. आणि चिपसेटवरच्या किंवा पोर्टांवरच्या धातूच्या आवरणावर ठळक कोरलेलं ‘टफ गेमिंग’ किंवा ‘आओरस’ हे मालिकेचं नाव आहे, मॉडेल अजून वेगळीकडे शोधायचं आहे.

इंटेलचा जुना डेस्कटॉप बोर्ड असेल तर छापील नावाबरोबर ‘एए’ने सुरू होणारा क्रमांक असलेलं छोटं पांढरं स्टिकर शोधा. त्या बोर्डांची नेमकी आवृत्ती त्याच क्रमांकावरून ठरते.

लॅपटॉप नुसतं नाव बघायला उघडू नका. दुरुस्तीसाठी उघडलाच असेल तर बोर्डावरचा लांब कोड टिपा. ‘एलए-’ने सुरू होऊन ‘पी’ने संपणारा कोड कॉम्पॅलने बनवलेल्या बोर्डांवर असतो, ‘डीए०’ने सुरू होणारा क्वांटाच्या. लॅपटॉपवर नाव कुठल्याही ब्रँडचं असलं तरी बोर्ड अशा मोजक्या कंपन्या बनवतात, आणि दुरुस्ती करणारे सर्किटचा नकाशा याच कोडावरून शोधतात.

बोर्डावर नावच नसेल तर

स्वस्त, अनोळखी बोर्डांवर नुसतं ‘एच६१’ किंवा ‘एक्स९९’ छापलेलं असतं आणि तक्त्यात ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ दिसतं. इथे छापील अक्षरांवरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. ‘एक्स९९’ म्हणून विकलेल्या बऱ्याच बोर्डांवर प्रत्यक्षात बी८५ किंवा एच८१ असे साधे चिपसेट सापडतात. अशा वेळी सीपीयू-झेडमधल्या चिपसेटच्या ओळीला महत्त्व द्या, कारण तो तक्त्यातल्या मजकुरावरून नव्हे, चिपच्या ओळखक्रमांकावरून सांगितला जातो. आवाज, नेटवर्क आणि चिपसेटचे ड्रायव्हर त्या-त्या चिप बनवणाऱ्यांकडून मिळतात, त्यासाठी बोर्डाचं नाव लागतच नाही. या बोर्डांचा बायोस मात्र, सगळं नीट चालत असेल तर, जसा आहे तसा राहू द्या. नाव पटलेलं नसताना फाइल टाकणं म्हणजे चालता बोर्ड बंद पाडण्याची तयारी.

खोकं आणि बिल यांनाही मर्यादित मान द्या. मधल्या काळात बोर्ड बदललेला असू शकतो, जुना घेतलेला पीसी असेल तर ही शक्यता जास्तच.

नाव मिळालं, आता पुढे

कंपनीच्या साइटवर ते मॉडेल शोधा आणि पान उघडल्यावर तिथला बोर्डाचा फोटो आपल्या बोर्डाशी ताडून बघा. रॅमचे स्लॉट दोन की चार, लांब स्लॉट किती, मागची पोर्टं त्याच क्रमाने आहेत का? एवढं जुळलं की शंका उरत नाही. मग त्याच पानावरचं मॅन्युअल उतरवून ठेवा. पॉवर बटणाच्या आणि दिव्यांच्या बारक्या वायरी कुठल्या पिनांना जोडायच्या हे तिथेच मिळतं, आणि एका एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारख्या एसएसडीच्या जागेत) ड्राइव्ह लावला तर कुठलं साटा पोर्ट (वायरने डिस्क जोडायची जागा) बंद पडतं हेही.

प्रोसेसर बदलायचा असेल तर सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, नावावर जाऊ नका, ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी बघा. इंटेलचं एलजीए११५१ हे एकच नाव दोन वेगळ्या पिढ्यांच्या बोर्डांनी वापरलं. १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवाल्या बोर्डांवर सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, ३०० मालिकेवर आठव्या-नवव्या पिढीचे. बसायला दोन्हीकडे बसतात, पण अदलाबदल करून यंत्र चालत नाही. एएमडीच्या बाजूला बी४५० चिपसेट २०१८चा आणि रायझन ५००० मालिका २०२०ची. त्यामुळे बी४५० बोर्डाला हे प्रोसेसर बायोस अपडेट केल्याशिवाय ओळखता येत नाहीत. यादीत प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणता बायोस लागतो ते दिलेलं असतं. सिस्टिम इन्फर्मेशनमधून टिपलेली बायोसची आवृत्ती इथे कामाला येते. अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्या, नवा बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर वाट बंद होते.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विंडोज ११साठी लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय शोधत असाल तर तेही बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंटेलच्या बोर्डांत ही सोय ‘पीटीटी’ नावाने असते, एएमडीच्या बोर्डांत ‘एफटीपीएम’ नावाने. बऱ्याच बोर्डांत ती आधीपासून आहे, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते.

बायोसची फाइल उतरवण्याआधी मॉडेल, मागची अक्षरं आणि रिव्हिजन एकदा छापील नावाशी पुन्हा जुळवा. बोर्डाच्या फ्लॅश टूलने चुकीची फाइल नाकारणं अपेक्षित असतं, पण त्या भरवशावर काम करू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल तर अपडेटआधी ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र ती की मागून अडून बसू शकतं.